झाशीच्या कत्तलीचा मराठी साक्षीदार : वरसईचे विष्णुभट गोडसे

एप्रिल १८५८ च्या पहिल्या आठवड्यात झाशी शहरात जे घडले, त्याचे इंग्रजी कागद विपुल आहेत. सेनापतींचे खलिते आहेत, पलटणींच्या नोंदी आहेत, लष्करी डॉक्टरांनी लिहिलेली पुस्तके आहेत. मात्र तटाच्या आत, गल्लीबोळांतील घरांत दडून बसलेल्या माणसांनी ते दिवस कसे काढले, हे सांगणारे लेखन अगदी थोडे आहे. त्यातील सर्वांत महत्त्वाचे लेखन मराठीत आहे. ते कोणा सरदाराचे वा मुत्सद्द्याचे नव्हे. कोकणातून दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेत गेलेल्या एका कर्जबाजारी भिक्षुकाचे ते आहे. त्यांचे नाव विष्णुभट गोडसे आणि त्यांच्या ग्रंथाचे नाव ‘माझा प्रवास’.

हा ग्रंथ मराठी वाचकाला प्रवासवर्णन म्हणून परिचित आहे. राणी लक्ष्मीबाईंचे जवळून घडवलेले दर्शन म्हणूनही तो वाचला जातो. परंतु त्याचे आणखी एक मोल आहे. एका शहराचा संहार डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने पंचवीस वर्षांनंतर दिलेली ती साक्ष आहे. ती साक्ष वाचकांपर्यंत पोहोचण्यास आणखी जवळजवळ तितकीच वर्षे लागली, आणि तिचे मूळ रूप छापले जाण्यास १९६६ साल उजाडावे लागले.

वरसईचे घर

विष्णुभटांचा जन्म १८२७ च्या सुमारास झाला. त्यांचे गाव वरसई, आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात. वेदशास्त्र जाणणाऱ्या ब्राह्मण घराण्यांचे हे गाव. घरी विद्या होती, पण पैसा नव्हता. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि तिच्याबरोबर दक्षिणा, रमणे व आश्रय यांवर चालणारे या घराण्यांचे अर्थकारणही मोडले. विष्णुभट तिशीत पोहोचले तेव्हा घरावर कर्जाचा भार होता आणि ते फेडण्याचा मार्ग गावात दिसत नव्हता.

अशा वेळी वार्ता आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार आहेत आणि त्यासाठी लाखो रुपये खर्च होणार आहेत. भिक्षुकी करणाऱ्यांच्या दृष्टीने ही संधी होती. विष्णुभटांनी उत्तरेस जाण्याचे ठरवले. घरच्यांची मने तयार होण्यास वेळ लागला. अखेर काका रामभट यांच्यासमवेत १८५७ च्या आरंभी ते निघाले. हेतू साधा होता : यज्ञात दक्षिणा मिळवावी, जमल्यास काशीयात्रा करावी, परत येऊन कर्ज फेडावे.

पुणे, अहमदनगर, मालेगाव, धुळे असा मजल दरमजल प्रवास करीत ते सातपुडा ओलांडून माळव्यात शिरले. महूच्या अलीकडे त्यांना काही शिपाई भेटले. कंपनी सरकारच्या लष्करात लवकरच उठावणी होणार, असे त्या शिपायांनी त्यांना सांगितले. काकापुतण्यांपुढे प्रश्न पडला : पुढे जावे की मागे फिरावे? घरी परतले तर कर्ज तसेच राहणार होते. ते पुढे निघाले. १ जुलै १८५७ रोजी महूची छावणी उठली. ज्या यज्ञासाठी ते बाहेर पडले होते तो मागेच राहिला आणि दक्षिणेच्या शोधातील हा प्रवास एका महायुद्धाच्या मधोमध येऊन पोहोचला.

झाशीतील मुक्काम

इंदूर, उज्जैन, धार, ग्वाल्हेर अशी वाट काढीत दोघे झाशीत आले. झाशीत मराठी वस्ती मोठी होती. नेवाळकर घराण्याच्या राजवटीत दक्षिणेतून आलेली अनेक कुटुंबे तेथे स्थायिक झाली होती. अशा माणसांत पाहुण्या भिक्षुकांना आसरा मिळणे कठीण नव्हते. राजवाड्यातही त्यांचा प्रवेश झाला.

त्या वेळची झाशीची स्थिती थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. गंगाधरराव नेवाळकर नोव्हेंबर १८५३ मध्ये निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने मान्य केला नाही आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. जून १८५७ मध्ये झाशीतील पलटण उठली. किल्ल्यात आश्रय घेतलेले युरोपीय अधिकारी, त्यांच्या बायका आणि मुले अशी सुमारे साठ माणसे बाहेर आल्यावर ८ जून रोजी जोखनबाग येथे ठार मारण्यात आली. या हत्येत राणीचा हात होता की नव्हता, हा इतिहासकारांच्या वादाचा विषय झाला. ब्रिटिश फौजेच्या मनात मात्र तो वाद नव्हता. झाशीकडे येणारे सैन्य सूडाची भावना बरोबर घेऊनच आले.

मधल्या काळात राज्यकारभार राणी लक्ष्मीबाईंच्या हाती होता. विष्णुभटांनी पाहिलेली झाशी ती हीच. राणीची दिनचर्या, व्यायाम, पूजाअर्चा, दानधर्म, दरबारात बसण्याची रीत, घोड्यांची पारख यांचे त्यांनी केलेले वर्णन पुढे अनेक चरित्रकारांना उपयोगी पडले. वाड्यातील ग्रंथसंग्रहानेही त्यांचे मन वेधले होते. पिढ्यान्‌पिढ्या जमवलेल्या पोथ्यांचा तो साठा विद्वानांत प्रसिद्ध होता.

वेढा आणि ‘बिजन’

सर ह्यू रोज याची फौज २१ मार्च १८५८ रोजी झाशीसमोर आली. काही दिवसांतच तोफांचा भडिमार सुरू झाला. विष्णुभटांनी वेढ्याचे वर्णन सैनिकाच्या दृष्टीने केलेले नाही, नागरिकाच्या दृष्टीने केले आहे. रात्री आकाशातून येणारे तापलेले गोळे, ते कोणत्या आळीत पडतील याचा अंदाज बांधीत बसलेली माणसे, दिवसा पडलेली खिंडारे अंधारात बुजवणारे गवंडी, पाण्यासाठी होणारी तारांबळ अशा गोष्टी त्यात येतात. तात्या टोपे मोठी फौज घेऊन मदतीस येत असल्याची वार्ता आली तेव्हा शहरात आशा उत्पन्न झाली. १ एप्रिल रोजी बेटवा नदीजवळ तात्यांचा पराभव झाला आणि ती आशा मावळली.

३ एप्रिलच्या पहाटे ब्रिटिश फौज तटावर चढली. रस्त्यारस्त्यांतून आणि राजवाड्यात लढाई झाली. ४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्यातून बाहेर पडल्या. त्यांचे वडील मोरोपंत तांबे पुढे पकडले गेले आणि फासावर गेले. राणी निसटल्या, पण शहर मागे राहिले.

त्यानंतरच्या दिवसांना विष्णुभटांनी वापरलेला शब्द ‘बिजन’ असा आहे. सरसकट कत्तल या अर्थाने हा शब्द जुन्या मराठीत रूढ होता. सैनिक घराघरांत शिरत होते आणि समोर येईल त्या पुरुषास ठार करीत होते. त्यात मुलगे होते, वृद्धही होते. कत्तलीचा रोख पुरुषांवर होता, हे विष्णुभट नोंदवतात, पण नवऱ्याला वा मुलाला पाठीशी घालताना स्त्रियाही मेल्या. अनेकांनी विहिरींत उड्या घेतल्या. काही घरे पेटली. प्रेते उचलण्यास माणसे उरली नाहीत आणि आळीआळीत चिता रचाव्या लागल्या.

कत्तलीबरोबर लूट चालली होती. तिचे वर्णन विष्णुभटांनी हिशेबी माणसाच्या बारकाईने केले आहे. आधी सोने, चांदी आणि रोकड गेली. मग तांब्यापितळेची भांडी गेली. मग कपडे, धान्य आणि घरातील किरकोळ वस्तू गेल्या. निरनिराळ्या पलटणींच्या पाळ्या लागल्याप्रमाणे ही लूट झाली. आयुष्यभर दक्षिणेचे पैसे मोजून संसार करणाऱ्या माणसाने शहर क्रमाक्रमाने रिकामे होताना पाहिले. त्यांची स्वतःची मिळकतही त्यात गेली. ज्या पैशासाठी ते शेकडो कोस चालत आले होते तो सैनिकांच्या हाती देऊन त्यांनी प्राण वाचवले.

राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश हा त्यांच्या मनावरील खोल घाव होता. पोथ्या फाडल्या गेल्या, फेकल्या गेल्या. माणसे मरत असताना ग्रंथांसाठी हळहळणे काहींना विपरीत वाटेल. परंतु ज्यांची सारी परंपरा पाठांतर आणि पोथी यांवर उभी होती, त्या माणसाच्या दृष्टीने स्मृती साठवण्याची जागाच नष्ट झाली होती.

मृतांचा नेमका आकडा कोणी मोजला नाही. झाशीत सुमारे पाच हजार माणसे मारली गेली, असा अंदाज इतिहासग्रंथांत येतो. त्याच लढाईतील ब्रिटिश बाजूची हानी मात्र ठार व जखमी मिळून ३४३ अशी नेमकी नोंदलेली आहे. एका बाजूचा प्रत्येक माणूस मोजला गेला आणि दुसऱ्या बाजूचा गोळाबेरीज अंदाज उरला. ब्रिटिश लेखकांनी कत्तल लपवली असे नव्हे. मद्रासच्या तुकडीबरोबर असलेला डॉक्टर थॉमस लो याने १८६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात झाशीतील संहाराचे वर्णन आहे. भुकेल्या स्त्रिया व मुलांना सैनिकांनी आपल्या शिध्यातून अन्न दिल्याचेही ब्रिटिश वृत्तांतांत येते. पण त्या लेखनात शहरातील माणूस हा शत्रू म्हणून वा दयेचा विषय म्हणून येतो. विष्णुभटांच्या लेखनात तो शेजारी म्हणून येतो. हा फरक मोठा आहे.

कालपीची विहीर आणि पुढील वाट

झाशीतून बाहेर पडल्यावर काकापुतणे कालपीकडे गेले. याच भागात एका विहिरीवर विष्णुभटांना राणी लक्ष्मीबाई पुन्हा दिसल्या. अंगावर पठाणी पोशाख, धुळीने माखलेला चेहरा, प्रवासाने आलेला शीण. तहानलेल्या राणीला पाणी काढून देण्यास ते पुढे झाले, तेव्हा विद्वान ब्राह्मणाकडून अशी सेवा घेणे योग्य नव्हे, असे म्हणून तिने स्वतः पाणी शेंदले आणि ओंजळीने प्यायली. धर्माभिमानापायी हे सारे ओढवून घेतले, पण यश आले नाही, अशा आशयाचे तिचे बोलणे त्यांनी ऐकले. मराठीत पुढे लिहिल्या गेलेल्या लक्ष्मीबाईंच्या बहुतेक चरित्रांत हा प्रसंग आहे आणि त्याचा उगम विष्णुभटांची आठवण हाच आहे.

मे १८५८ च्या अखेरच्या आठवड्यात कालपी पडली. पुढच्या महिन्यात ग्वाल्हेरजवळ राणी लढताना मारल्या गेल्या. त्या वेळी विष्णुभट तेथे नव्हते. ते चित्रकूटच्या बाजूने भटकत होते. वाटेत लुटारूंनी गाठले, कधी बंडवाल्यांचा संशय आला, कधी इंग्रजांच्या चौकीवर जीव टांगणीला लागला. अयोध्या, प्रयाग, काशी ही क्षेत्रे त्यांनी या काळात पाहिली. शेवटी गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन ते पायी वरसईस परतले आणि त्या जलाने त्यांनी आपल्या आईवडिलांना स्नान घातले.

घर सोडून गेल्याला अडीच-तीन वर्षे झाली होती. कर्ज फिटेल इतका पैसा आला नाही. कावडीत गंगा आली आणि त्याबरोबर झाशीची आठवण आली.

पंचवीस वर्षांचे मौन

परतल्यानंतर विष्णुभटांनी गावात भिक्षुकी केली, संसार केला. त्यांनी पाहिलेले लगेच कागदावर उतरले नाही. त्याचे एक कारण उघड आहे. १८५७ नंतर बंडवाल्यांशी संबंध असल्याचा नुसता संशयही घातक होता. राणीच्या वाड्यात वावरलेल्या आणि पेशव्यांच्या मुलखात फिरलेल्या माणसाने तोंड मिटून राहणे शहाणपणाचे होते. राजद्रोहाचे कलम १८७० मध्ये दंडसंहितेत आले. देशी भाषांतील वृत्तपत्रांवर १८७८ मध्ये निर्बंध लादले गेले.

१८८३ च्या सुमारास चिंतामण विनायक वैद्य यांनी त्यांना हा प्रवास लिहून काढण्यास सांगितले. वैद्य तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे होते. पुढे ते ग्वाल्हेर संस्थानात मुख्य न्यायाधीश झाले, महाभारताचे आणि मध्ययुगीन भारताच्या इतिहासाचे अभ्यासक म्हणून त्यांची ख्याती झाली आणि १९०८ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. विष्णुभटांचे वैद्यांच्या घरी जाणे-येणे होते. ऐकलेल्या हकिकती कागदावर याव्यात, ही इच्छा त्या तरुणाची होती.

विष्णुभट तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. त्यांनी जे लिहिले ते स्मरणावर लिहिले. तरीही झाशीच्या दिवसांचे वर्णन ताजे वाटते. ज्यांनी मोठा संहार पाहिला त्यांच्या आठवणीबद्दल आज जगभर बरेच लिहिले गेले आहे. अशा माणसांची तारीख चुकते, क्रम चुकतो, पण विशिष्ट क्षण, आवाज आणि वास वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहतात. विष्णुभटांच्या लेखनात हे प्रत्ययास येते. त्यांच्या तिथ्या इतिहासाशी नेहमी जुळत नाहीत. दिल्ली, कानपूर, लखनौ येथील जी वार्ता त्यांनी दिली ती बहुतांशी ऐकीव होती आणि तिच्यात दंतकथाही मिसळल्या. राणीच्या अखेरीचे वर्णनही त्यांनी दुसऱ्यांकडून ऐकून दिले. मात्र वेढा पडलेल्या शहरात ते स्वतः होते आणि कत्तलीच्या दिवसांत ते स्वतः दडून बसले होते. ग्रंथाचे हे भाग वाचताना ऐकलेले आणि पाहिलेले यांतील अंतर वाचकाला आपोआप कळते.

आणखी एक गोष्ट त्यांच्या साक्षीला बळ देते. त्यांनी स्वतःला शूर दाखवलेले नाही. भीती वाटली तेथे भीती वाटली असे सांगितले आहे, लपावे लागले तेथे लपल्याचे सांगितले आहे, पैशाची चिंता होती तेथे तीही सांगितली आहे. बंडवाल्यांचे ते आंधळे समर्थक नव्हते. ब्रिटिशांची निंदा करणे हाही त्यांच्या लेखनाचा हेतू नव्हता. म्हणूनच त्यांचा शब्द आज अधिक विश्वासार्ह वाटतो.

पेटीतील हस्तलिखित

हस्तलिखित वैद्यांच्या हाती आले, पण ते छापले गेले नाही. मधल्या काळात दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मध्ये राणी लक्ष्मीबाईंचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना शिक्षा झाली. अशा वातावरणात झाशीच्या कत्तलीचे प्रत्यक्षदर्शी वर्णन छापणे सोपे नव्हते. अखेर १९०७ मध्ये, उठावास पन्नास वर्षे होत असताना, वैद्यांनी ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला. लेखक तेव्हा हयात नव्हते. आपली साक्ष छापील अक्षरांत पाहण्याचे भाग्य विष्णुभटांना लाभले नाही.

छापलेला ग्रंथ म्हणजे मूळ हस्तलिखित नव्हते. वैद्यांनी त्याची प्रकरणे पाडली, भाषा नीटनेटकी केली, काही मजकूर गाळला आणि इतिहासाशी विसंगत वाटणाऱ्या जागी हात फिरवला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. सरकारची दृष्टी, सभ्य वाचकाची अभिरुची आणि इतिहासाची शिस्त या तिन्हींचा विचार त्यांना करावा लागला. परंतु साक्ष दुसऱ्याच्या हातून गेली की तिचा आवाज बदलतो, हेही तितकेच खरे आहे.

सुदैवाने मूळ हस्तलिखित नष्ट झाले नाही. वैद्यांनी ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये त्याची मूळ संहिता प्रसिद्ध केली. बोलण्याच्या ओघात जाणारी, मध्येच घरगुती तपशिलाकडे वळणारी विष्णुभटांची स्वतःची भाषा त्यामुळे वाचकांसमोर आली. लिहिल्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी साक्षीदाराला त्याच्याच शब्दांत बोलता आले.

ग्रंथाची कीर्ती मराठीपुरती राहिली नाही. प्रसिद्ध हिंदी कादंबरीकार अमृतलाल नागर यांनी त्याचा हिंदी अनुवाद केला. एकविसाव्या शतकात त्याचे एकाहून अधिक इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाले.

दिल्लीची साक्ष, झाशीची साक्ष

अशाच प्रकारची साक्ष दिल्लीनेही दिली आहे. सप्टेंबर १८५७ मध्ये ब्रिटिश फौजेने दिल्ली घेतली, तेव्हा तेथेही घराघरांत संहार झाला आणि शहर रिकामे करण्यात आले. मिर्झा गालिब तेव्हा दिल्लीतच होते. त्यांनी ‘दस्तंबू’ हे फारसी रोजनिशीवजा पुस्तक १८५८ मध्ये प्रसिद्ध केले. पण त्यांना निवृत्तिवेतनाची आशा होती आणि पुस्तक ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाती जाणार होते. त्यामुळे त्यांना सावध लिहावे लागले. बादशहाच्या दरबारातील कवी जहीर देहलवी यांनी आपल्या आठवणी आयुष्याच्या उत्तरार्धात, दिल्लीपासून दूर हैदराबादेत लिहिल्या. लगेच लिहिणाऱ्याला सत्तेची भीती, उशिरा लिहिणाऱ्याला विस्मरणाची भीती. विष्णुभटांनी दुसरा धोका पत्करला.

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर ब्रिटिशांनी १८६३ मध्ये एक स्मारक उभारले. दिल्लीच्या लढाईत आपल्या बाजूची किती माणसे पडली, याचे आकडे त्यावर कोरलेले आहेत. स्वतंत्र भारताने १९७२ मध्ये त्याचे नाव अजितगढ असे ठेवले आणि ज्यांना मूळ लेखात शत्रू म्हटले होते ते स्वातंत्र्यासाठी लढलेले वीर होते, असा खुलासा करणारा फलक तेथे लावला. दगडावरील लेख अशा रीतीने दुरुस्त करता येतो. पण ज्यांची नावे मुळात कोरलीच गेली नाहीत, त्यांच्यासाठी दगड उपयोगी पडत नाही.

राज्यसंस्थेची स्मृती कार्यालयांत सांभाळली जाते. राष्ट्रीय अभिलेखागारात १८५७ च्या कागदांचा मोठा संग्रह आहे. दक्षिण दिल्लीतील आर. के. पुरम या सरकारी वसाहतीत संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने स्वातंत्र्योत्तर युद्धांचे अधिकृत इतिहास सिद्ध करण्याचे काम केले आहे. अशा इतिहासाचा आधार लष्करी आदेश, युद्धनोंदी आणि अहवाल हा असतो. त्याशिवाय युद्धाचे आकलन होत नाही. तथापि ज्या माणसापाशी ना हुद्दा होता ना शिक्का, त्याने घराच्या अंधारात बसून काय ऐकले, हे अहवालात येत नाही. ते सांगण्यासाठी एखादा विष्णुभट वाचावा लागतो, त्याने लिहावे लागते आणि ते लिहिलेले कोणीतरी जपावे लागते.

साक्षीच्या मर्यादा

विष्णुभटांची दृष्टी त्यांच्या काळाची आणि जातीची होती. त्यांचा वावर प्रामुख्याने ब्राह्मण घरांत आणि राजवाड्याच्या आसपास होता. झाशीतील विणकर, कारागीर, मजूर यांच्या वस्त्यांत त्या दिवसांत काय घडले, हे त्यांच्या लेखनातून फारसे कळत नाही. ती स्मृती लोकपरंपरेने वेगळ्या वाटेने जपली. कोरी समाजातील झलकारीबाईंची कथा अशीच पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आणि २००१ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. महाश्वेता देवींनी राणीवरील आपल्या १९५६ च्या बंगाली ग्रंथासाठी बुंदेलखंडात हिंडून लोकांच्या तोंडच्या आठवणी गोळा केल्या. या सर्व साक्षी एकत्र ठेवल्या म्हणजेच झाशीचे चित्र पुरे होण्याच्या जवळ जाते.

तरीही विष्णुभटांचे स्थान वेगळे राहते. शौर्यगाथेत राणी घोड्यावरून निघून जाते आणि कथा तिच्यामागे ग्वाल्हेरला जाते. विष्णुभट मात्र शहरातच मागे राहिले होते, म्हणून त्यांची कथाही तेथेच थांबते. राणी गेल्यानंतर रस्त्यांत काय उरले, हे त्यांच्यामुळे आपणास ठाऊक आहे. ज्यांचे वंशज उरले नाहीत, ज्यांचे नाव कोणत्याही यादीत नाही, अशा माणसांच्या मृत्यूची नोंद त्यांच्या स्मरणाने ठेवली.

विष्णुभट गोडसे इतिहासकार नव्हते आणि तसा त्यांचा दावाही नव्हता. कर्ज फेडण्यासाठी घर सोडलेल्या या भिक्षुकाला यज्ञाची दक्षिणा मिळाली नाही. झाशीतील शेजाऱ्यांचे ऋण मात्र त्यांनी लिहून फेडले.